रक्तपेढीची डिस्क बदलताना

आमच्या रक्तपेढीत किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. इथं येणारा प्रत्येकजण घाबरलेला, आणि घाबरलेला माणूस काय करेल याचा नेम नाही. त्यात मीही आलेच! बेळगावातल्या या पेढीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटी आणि एक म्हातारा युनिक्स सर्व्हर. रक्तदात्यांची सगळी यादी त्याच्या पोटात. गट, फोन नंबर, मागच्या वेळी रक्त कधी दिलं, सगळं.

या सर्व्हरला डिस्क दोन, आणि दोन्हींवर तेच. एक मेली तरी दुसरीवर काम चालतं. एकदा आमचे एक ट्रस्टी बघायला आले. दात्यांना फोन करणाऱ्या सुमनआक्कांनी त्यांना समजावलं, "सायेब, बैलजोडी हाय बघा. एक बसला तर दुसरा गाडी वढतोय."

साहेबांनी जरा विचार केला. "मग दुसऱ्याला उगंच कशाला पोसताय?"

---

गेल्या महिन्यात स्क्रीनवर जुने मेसेज चाळताना दिसलं, शून्य नंबरची डिस्क मेली आहे. कधी? दहा दिवसांपूर्वी! बिघाड झाला की मशीनच्या तोंडावर पिवळा दिवा लुकलुकतो. मला दिसला कसा नाही? धावत आत गेले. दिव्याच्या जागी लाल टिकली!

"आक्का, ही कुणी लावली?"

"मीच की. सारखं लुकलुक लुकलुक, डोळ्यात खुपत हुतं."

माझं डोकं सणकलं. दहा दिवस सगळी यादी एकाच डिस्कवर लटकत होती! मी बोलत सुटले, तर आक्कांचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, पण वापरलेली न्हवं," त्या म्हणाल्या. "नवी लावलती!"

---

इतक्या जुन्या मशीनची डिस्क मिळणार कुठं? कोल्हापूरच्या एका दुकानदाराकडं एक पडून होती. त्यानं ती बेळगावच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली. आमचे इलेक्ट्रिशियन इराप्पाआप्पा स्टँडवरून ती घेऊन आले, तर पिशवीतून पाणी ठिबकतंय!

कंडक्टरनं पार्सलवर 'रक्तपेढी' वाचलं होतं. निपाणीला गाडी थांबल्यावर बिचाऱ्यानं पदरचे पैसे घालून बर्फ घेतला आणि पार्सल त्यात पुरलं. नशीब, आतलं प्लास्टिक फाटलं नव्हतं. तरी दोन दिवस मी ती डिस्क वाळत ठेवली.

"माणूस लई काळजीचा, मॅडम," आप्पा म्हणाले. "म्हणाला, वाटंत एक थेंब सांडू दिला न्हाय."

---

मग तो दिवस उजाडला. सकाळी आठला मी सर्व्हरपुढं बसले. डिस्कवर नंबराच्या पट्ट्या असतात. '०' लिहिलेली बघितली, देवाचं नाव घेतलं आणि ओढली.

स्क्रीन थिजला. माझ्या हातात जिवंत डिस्क होती!

"आप्पा, या पट्ट्यांना कुणी हात लावलाय काय?"

"खंडेनवमीला मशीन पुसून काढलो न्हवं? वल्ल्या फडक्यानं निघाल्या. पूजेआधी परत चिकटवलो की."

"कुठली कुठं?"

आप्पांनी वाकून नीट बघितलं. "सरळच चिकटवलोय, मॅडम."

---

डिस्क परत बसवली, मशीन चालू केलं. पण असं मध्येच बंद पडलेलं मशीन उठताना आधी सगळं तपासत बसतं. दहा टक्के, बारा टक्के. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या हॉस्पिटलातून फोन आला. खानापूरकडची बाळंतीण, रक्त थांबेना, ओ निगेटिव्हच्या दोन बाटल्या पाहिजेत.

फ्रिजमध्ये एकच होती, ती दिली. गावातल्या बाकीच्या पेढ्यांतही नव्हतं. आक्कांनी जुन्या वहीतले चार नंबर फिरवले, चारही बंद. बाकी सगळे दाते यादीत, आणि यादी मशीनमध्ये. तेवीस टक्के.

बाईचा नवरा दारात येऊन उभा राहिला. तो नुसता स्क्रीनकडं बघत होता. तिला काही झालं असतं तर ते माझ्या हातानं झालं असतं. आक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एकेचाळीस टक्के.

नवऱ्याला बाजूला सारून एक माणूस आत आला. वडगावचा विणकर असावा, केसांवर सुताचं तूस होतं.

"आक्का कोण तुमच्यातल्या?"

"मी. का वो?"

"तीन महिनं भरलं की नवाच्या ठोक्याला तुमचा फोन येतोय. आज भरलं. माग बंद करून बसलोय, साडेदहा झालं तरी फोन न्हाय. म्हटलं, आक्का बऱ्या हाईत न्हवं, बघून यावं."

आक्कांनी त्याच्यापुढं खुर्ची सारली. मी विचारलं, "दादा, तुमचा गट कुठला?"

तो शर्टाची बाही वर सारत म्हणाला, "ओ निगेटिव्ह. का? तुमच्या मशीनीत लिवून न्हाय काय?"