सुपाआड

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी मी उंब्रजच्या स्टँडवर सांगलीची एसटी धरली. तिथल्या एका दैनिकात बातमीदाराची नोकरी मिळाली होती. आईने खिडकीतून जपमाळ हातात दिली. "पापं सांगायला जात जा. आळस करू नगंस," एवढंच ती म्हणाली.

आमच्या वस्तीवर कॅथलिकांची मोजकीच घरं. चर्च नव्हतं. साताऱ्याहून महिन्यातून एकदा फादर मोटारसायकलवर येत आणि आमच्या सोप्यात मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, होई. त्याआधी पापनिवेदन. चर्चमध्ये फादर आड बसतात ती लाकडी जाळीची पेटी आणायची कुठून? फादर खुर्चीवर बसत, आपण समोर गुडघे टेकायचे आणि मध्ये धान्य पाखडायचं सूप धरायचं. बाकीची मंडळी तिथेच, चार हातांवर. एकाचं पाप दुसऱ्याच्या कानी पडू नये म्हणून सगळे मोठ्याने जपमाळ म्हणत.

सांगलीत चर्च होतं, पेटीही होती. पहिल्याच शनिवारी पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या बाईचा श्वास ऐकू येईल इतकी शांतता. माझा नंबर येण्याआधीच बाहेर पडलो. पुढे हळदीचे भाव, नगरपालिकेच्या सभा, पाळ्या यांत रविवारही सुटले. सणाला गावी गेलो, तरी फादर येण्याआधी परतीची गाडी पकडत असे. आईला ते कळत होतं. ती डबा बांधून देई.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीला, मार्थाला, मुलगी झाली. बाप्तिस्म्याला मीच धर्मपिता व्हावं, हा तिचा हट्ट. फादरांची अट एकच: आधी पापनिवेदन.

"दादा, तू न्हाई बसलास तर दुसरा मानूस बगावा लागंल," मार्था म्हणाली. "आन् मला दुसरा नको हाय."

मी सुपाआड बसलो. मागे जपमाळ सुरू झाली. सवयीने मी बातमीसारखं सांगू लागलो. कुठे, केव्हा, कोण काय म्हणालं, संपादक कसे वागले. फादरांनी थांबवलं.

"संपादकांचं संपादक सांगतील. तुमचं सांगा."

मी सुपाची वीण बघत राहिलो. तिकडे जपमाळ संपली आणि सोपा गप्प झाला, सांगलीतल्यासारखा. मी उठणार, एवढ्यात वस्तीवरची शांतामावशी कडाडली, "आवं, थांबताय काय? पेपरवाला हाय त्यो, त्येची पानं लय असत्यात. म्हना परत!"

हशा पिकला. जपमाळ पहिल्यापासून सुरू झाली, आधीपेक्षा चढ्या सुरात. आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मग मी माझं सांगितलं. चार वाक्यांत संपलं. दुपारी बाप्तिस्म्याला भाचीला हातांवर घेतलं.

वस्ती सोडून गेलेलं कुणी भेटलं आणि घर कुठे म्हणून विचारलं, तर मी सांगली सांगतो. ते खरंच आहे. शनिवारी तिथल्या रांगेतही उभा राहतो. शांतता तशीच असते. नंबर आला की गुडघे टेकण्याआधी मी क्षणभर थांबतो, कानात आईचा आवाज चढेपर्यंत.