कोंडीच्या पुढची गरम हवा

त्या एप्रिलमध्ये माझा डावा हात स्टिअरिंगवर कमी आणि एसीच्या जाळीसमोर जास्त असायचा. आठवड्यातून दोनदा मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोहोळहून सोलापूरला डायलिसिसला न्यायची. शाळेत अर्धी रजा टाकायची, भर उन्हात निघायचं, दोनच्या आत पोचायचं. किडन्या गेलेल्या माणसाला पाणी मोजून द्यावं लागतं. घसा कितीही सुकला तरी दोन घोटांवर तिसरा नाही. त्यामुळे गाडी तापली की माझा जीव कासावीस व्हायचा.

आणि एसी लहरी झाला होता. निघताना झकास गार, मध्येच भट्टी, परतताना पुन्हा गार. मी बटणं दाबत राहायची, पंखा वाढवायची, आरशात बघून विचारायची, "अण्णा, गार लागतंय ना?"

"गार हाय की," ते म्हणायचे. ओठ मात्र पांढरे पडलेले.

डायलिसिस झाल्यावर एका गॅरेजात गाडी दाखवली. चार तास सावलीत उभी असलेली गाडी तिथं गुणी बाळासारखी गार हवा द्यायला लागली. "गॅस कमी असेल मॅडम," म्हणत त्यांनी गॅस भरला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, पुन्हा गॅस. तिसऱ्यांदा मालक हसून म्हणाला, "तुम्हाला भास होत असेल." शाळेत फळ्यावर गणित मांडतानाही माझ्या डोक्यात तेच चाललेलं. गार, गरम, गार.

शेवटी शाळेतल्या एका मैत्रिणीनं सोलापुरातल्या एका जुन्या मेकॅनिकचा पत्ता दिला; सगळे त्यांना उस्ताद म्हणत. फोनवर ते एवढंच म्हणाले, "ताई, बरी असताना गाडी आणू नका. बिघडली की तशीच आणा. इंजन बंद करायचं नाही."

म्हणजे डायलिसिसच्या आधी, अण्णांना मागं बसवून. मन धजत नव्हतं, पण त्या दिवशी तासभर लवकर निघाले.

उस्तादांनी लिंबाच्या सावलीत गाडी घेतली, बॉनेट उघडलं आणि मला विचारलं, "किती वेळानं बंद पडतो? कुठं?"

मला सांगता येईना. तीन आठवडे नुसती धडपडत होते, हे कधी बघितलंच नव्हतं.

मागच्या सीटवरून आवाज आला, "सोलापूरच्या अलीकडं कोंडी गाव गेलं की. दर खेपेला तितंच. इंजन तापलं की टक् आवाज येत न्हाय. एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच पकडत नसंल."

उस्ताद वळले. "चाचा, तुमी फिटर होते क्या?"

"कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात. चौतीस वर्षं."

उस्तादांनी हातोडीचा लाकडी दांडा आत घालून क्लचची चकती हलकेच दाबली. टक्! आत गार हवा सुटली. चकती झिजून मधली फट वाढली होती, ते म्हणाले. तापल्यावर क्लचच्या चुंबकाची ताकद कमी पडते, मग चकती ओढली जात नाही.

मला आनंद व्हायच्या आधी राग आला. "अण्णा, मग मला का नाही सांगितलंत? गार आहे म्हणत होतात!"

"तू गाडी हाकतीस, तुझा जीव आदीच टांगणीला," ते म्हणाले. "आणि तू गार हाय का एवढंच इचारायचीस."

ते खरं होतं. गोळी घेतली का, जेवलात का, झोप लागली का. आजारपणापासून मी त्यांना हो किंवा नाही यापलीकडचं काही विचारलंच नव्हतं.

दुरुस्तीसाठी इंजिन निवायला हवं होतं. माझं लक्ष घड्याळाकडे. अण्णा मात्र खाली उतरून उस्तादांशी बोलत उभे. कुठला वॉशर काढणार, फट कशी मोजणार. "दहा मिनिटं थांब की," ते मला म्हणाले. मी त्यांना जवळजवळ ओढतच रिक्षात बसवलं. तरी उशीर झालाच, नर्स रागावली.

संध्याकाळी उस्तादांनी आतला एक पातळ वॉशर काढून फट कमी केली होती. नंतर एसीनं कधी दगा दिला नाही. माझी तगमग काही गेली नाही; ती अण्णांच्या सुजलेल्या पायांवर, रक्तदाबावर जाऊन बसली. पण वाटेत आम्ही बोलू लागलो. छोट्या रेल्वेच्या इंजिनांबद्दल त्यांना इतकं सांगायचं होतं की सोलापूर यायचं आणि गोष्ट अर्धीच राहिलेली असायची.