कुठेच न टोचणारे बूट

लहानपणी आमच्या घरात आम्ही चार माणसं आणि पाचवे ताईचे पाय. त्यांच्या मर्जीशिवाय पान हलत नसे. मोज्याची शिवण बोटाला लागते म्हणून ती मोजे उलटे घालायची. आई कपाळाला हात लावायची.

पुढे ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागली. आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या. आणि मी बुटांच्या दुकानात, एकवीस वर्षं झाली. म्हणजे बघा, सख्खा भाऊ बूट विकतो आणि बहिणीच्या पायात धड बूट नाही! मालक चिडवायचे, "घरचं गिऱ्हाईक पटत नाही, बाहेरच्यांना काय पटवणार?"

सुट्टी असली की ती दुपारी दुकानात यायची. मी खोक्यांमागून खोकी उघडायचो. कापडी, जाळीचे, जाड तळाचे, रुंद पंजाचे. ती चार पावलं चालायची आणि तोंड वाकडं करायची.

"इथे टोचतंय रे."

"ताई, तिथे काहीही नाहीये!"

"तुझ्या पायाला नसेल."

माझ्या नाकी नऊ आणले होते तिने, खरं सांगतो. आणि हेही खरंच, की बुटात हात घालून चाचपलं की दर वेळी तिथे काहीतरी निघायचंच. धाग्याची गाठ, नाहीतर वाळलेल्या गोंदाचा कण.

गेल्या वर्षी एकदा तिने निळे जाळीचे बूट घातले. चालली. पुन्हा चालली. पार दारापर्यंत जाऊन आली.

"कुठेच टोचत नाही," म्हणाली.

माझा कानांवर विश्वास बसेना. तिचा नंबर सहा, पण हे ढगळ वाटतात म्हणून तिने पाच मागितला. मी म्हटलं, घट्ट होतील. पाच नंबर घालून ती म्हणाली, "अरे, पाय कसा धरून ठेवतात बघ! सहामध्ये बूट घातल्यासारखंच वाटत नव्हतं."

बूट घातल्यासारखंच वाटत नव्हतं! माझ्या तोंडावर बोलली ती हे, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तिला शुगर आहे, गोळ्या ती आठवल्या तर घेते, सगळं मला ठाऊक होतं. एरवी कोणाचाही बूट मी पुढून अंगठ्याने दाबून बघतो, बोटांना जागा आहे का. त्या दिवशी नाही बघितलं. उलट ओरडलो, "मालक, या लवकर, राणीसरकारांना बूट पसंत पडले!" मालकांनी टाळ्या वाजवल्या. ताई लाजून हसली. तिला तशी हसताना मी कितीतरी वर्षांनी बघत होतो.

तीन आठवडे स्वारी खुशीत होती. धुलाईखान्यातल्या बायकांना बूट दाखवत फिरायची. मग एका संध्याकाळी घरी तिने मोजा काढला आणि तिची मुलगी किंचाळली. मोजा रक्ताने चिकटला होता. करंगळी काळी पडली होती.

"ही जखम किती दिवसांची?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसली जखम?" ताई म्हणाली.

शुगरने पायातली जाणीवच गेली होती. अशा पायाला मापाचा बूट सैल वाटतो आणि घट्ट आवळलेला बरा वाटतो, डॉक्टर म्हणाले. बरेच जण असेच फसतात. ते फसतील हो, मी कसा फसलो? एकवीस वर्षं दुकानात काय गवत उपटत होतो? तिची करंगळी गेली, शेजारचं बोटही गेलं. मला ती एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवापासून तिला कामावर बोलावलंय. पुन्हा तीच फरशी, तेच आठ तास. आणखी एक जखम झाली तर पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. काल मी नवे बूट घेऊन तिच्या घरी गेलो. रुंद पंजा, मऊ अस्तर. जमिनीवर बसून स्वतःच्या हाताने नाड्या बांधल्या. ती भिंतीला धरून उठली, खिडकीपर्यंत जाऊन आली.

"कसे वाटतात, ताई?" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तूच बघून सांग रे," ती म्हणाली. "मला आता काय कळतंय?"