कोयरीचा साचा

आमच्या घरात एक्स-रे कधी वाया गेला नाही. आमच्या जवळा बाजार गावात कुणाचा हात मोडला, कुणाची छाती भरली, की बरा झाल्यावर माणूस ती काळी फिल्म आम्हाला आणून द्यायचा. पुठ्ठ्याच्या साच्याचा दोन दिवसांत लगदा होतो, फिल्मचा वर्षानुवर्षं टिकतो. तिच्यावर नक्षी काढायची, ब्लेडनं कापायची, रंगवून वाळवलेल्या कापडावर ठेवायची आणि भोकांतून फोमच्या तुकड्यानं घट्ट रंग टिपायचा. साचा उचलला की खाली फुलं उमटलेली असतात. लोकांच्या बरगड्यांवर आमचं पोट चाललं होतं आणि त्यात काही वाईट आहे, असं मला कधी वाटलं नाही.

कापड रंगवायच्या सासूबाई. सोड्यात किती वेळ उकळायचं, मीठ किती टाकायचं, पातेल्यातून कधी बाहेर काढायचं, हे सगळं त्यांच्या हातात. तिथं मी नाक खुपसलेलं त्यांना खपायचं नाही. साचे कापायचे ते मी, आणि त्याला नावं ठेवायच्या त्या.

दोन वर्षांपूर्वी खोकला धरला म्हणून त्यांचाही एक्स-रे काढला होता. खोकला गेला, फिल्म तेवढी खिळ्याला लटकत राहिली. पुढे एका लग्नाच्या ओढण्यांसाठी मला मोठा साचा हवा होता, तेव्हा त्यांनीच ती काढून दिली. "घे. आता काय काम हाय तिचं?" मी तिच्यावर कोयऱ्यांची जाळी कापली. दोन दिवस मान वर केली नाही.

यंदा थंडीत खोकला परत आला. नांदेडच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि उजव्या बाजूला, वरच्या अंगाला एक डाग दाखवला. "जुनी फिल्म असेल तर आणा," ते म्हणाले. "तेव्हाही डाग एवढाच असला, तर जुना व्रण आहे, हात लावायचं कारण नाही. तेव्हा नसला, तर सुई घालून तुकडा तपासावा लागेल. या वयात, असा श्वास असताना, त्यात धोका आहे."

जुनी फिल्म म्हणजे माझा कोयऱ्यांचा साचा. सासूबाई शांतपणे पदर सारखा करत होत्या.

जिथं तो जुना एक्स-रे काढला होता ती जागा बंद झाली होती. सोबतचा कागद तर कधीच हरवला होता. घरी येऊन मी साचा धुतला, रंगाचा थर खरवडला आणि खिडकीत धरला. बरगड्या स्पष्ट दिसत होत्या. उजवीकडे वर, नेमकी त्याच जागी, सगळ्यात मोठी कोयरी होती आणि तिच्यातून समोरच्यांचा हातपंप दिसत होता. कापलेले तुकडे मी तेव्हाच केरात टाकले होते. माझ्याच हातांची मला किळस आली.

तरी तो साचा घेऊन आम्ही गेलो. डॉक्टरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "कोयरी हाय, साहेब. सुनेनं कापली. लई सफाई हाय तिच्या हातात."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं, ते असं. त्यांनी मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

बसमध्ये मी म्हणाले, "आत्याबाई, माझी चूक झाली."

"तुझी कशी? फिल्म मीच दिली न्हाई का?" त्या म्हणाल्या. "उगी जिवाला तकलीफ करून घेऊ नको."

सुई घातली आणि त्यांचं फुप्फुस फाटलं. डॉक्टरांना काय बोल लावणार, धोका त्यांनी आधीच सांगितला होता. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. नाकाला नळी लावून पडलेल्या सासूबाईंना मी तो वाचून दाखवला. जुना, भरून आलेला व्रण होता. काळजीचं कारण नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. "मंग घरी चल की," त्या म्हणाल्या. "इथं काहून बसून राहिलो आपण?"

दोन दिवसांनी मी त्यांना घरी आणलं. श्वास दवाखान्यातच थांबला होता.