एल्फांचे कान आणि अण्णांची कानस

चाळिशीला टेकलेल्या माणसाने खेळण्यातले सैनिक बाळगू नयेत. बाळगलेच तर दिवाळीत घरी आणू नयेत.

माझे सैनिक म्हणजे एल्फ. टोकदार कानांची, धनुष्यबाण चालवणारी, परीकथेतली रानातली जमात. टेबलावर फौज मांडायची, फासे टाकायचे आणि समोरच्याची फौज कापायची, असा तो खेळ. दिवाळीनंतरच्या रविवारी पुण्यात त्याची स्पर्धा होती. वर्षभर बारीक कुंचल्याने एकेक एल्फ रंगवून मी ते संगमनेरला घरी आणले. (बायको म्हणते, तेवढ्यात घर रंगवून झालं असतं.) यंदा नंबर काढायचाच!

शनिवारी सकाळी डबा उघडला. आत नुसता कापूस!

"आई, माझं सैन्य?"

"अण्णांनी नेलं किल्ल्यावर. मावळे कमी पडत हुते."

आमचे अण्णा दर दिवाळीत अंगणात 'पोरांसाठी' किल्ला करतात आणि पोरांना त्याला हात लावू देत नाहीत. गल्लीगल्लीत किल्ल्यांची चुरस असते, आणि अण्णा दरवर्षी शेजारच्या गल्लीकडून हरतात. मी अंगणात धावलो. तटावर माझे तिरंदाज भगवे फेटे रंगवून उभे! आणि कान? कान गायब!

"अण्णा, यांचे कान कुठेत?"

"घासले कानशीनं. लई लांब आले हुते. कंपनीचा फॉल्ट असंल."

"अहो, ते एल्फ आहेत!"

"हुते. आता मावळे हायेत."

"आणि माझा सेनापती? हरणावर बसलेला?"

"हरनावर कुनी बसतं व्हय?" अण्णांनी हरीण अळिवाच्या जंगलात चरायला सोडलं होतं आणि सेनापतीला पायथ्याच्या बाजारात कांदे विकायला बसवलं होतं!

"माझी उद्या स्पर्धा आहे हो!"

"माझी आज हाय. परीक्षक येऊन जाऊ दे, मग ने."

संध्याकाळी परीक्षक आले. "काय तेज आहे मावळ्यांच्या चेहऱ्यावर!" म्हणाले आणि पहिला नंबर देऊन गेले. (तेज माझ्या कुंचल्याचं! पण ऐकतो कोण?)

पुण्यात पंचांनी माझी फौज भिंगातून पाहिली.

"हे कोण?"

"एल्फ."

"कान?"

"घासले."

"फेटे?"

"वडील."

पंचांना दया आली आणि त्यांनी मला खेळू दिलं. ती दया नसती आली तर बरं झालं असतं. मी सगळे डाव हरलो! कांदेवाला सेनापती तर दर डावाला पहिल्याच हल्ल्यात आडवा.

घरी येऊन मी अण्णांवर उखडलो. "तुमच्यामुळे हरलो! कानच ठेवले नाहीत तुम्ही!"

अण्णा शांतपणे किल्ल्यावर पाणी शिंपडत होते. "सैन्य तेच हाय ना? काल त्यानंच पयला नंबर काढला. सेनापती बदल."

मग त्यांनी बाजारातल्या कांदेवाल्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उंची आड आली म्हणून वाचलो.