कापसाच्या खोलीतलं ऑफिस

मी नोकरी करते यावर आमच्या घरात कुणाचाच विश्वास नाही. पगार येतो तो सगळ्यांना दिसतो, काम दिसत नाही. वेचणीला गेलेली बाई संध्याकाळी कापसाचं गाठोडं आणून टाकते. मी सकाळी खुर्चीत बसते आणि संध्याकाळी तिथंच सापडते. मग पोरगी घरीच तर आहे, असं सगळे म्हणतात.

कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली तेव्हा पुण्यातली खोली सोडून मी दिग्रसजवळच्या आमच्या गावी आले. कुठूनही कर, काम झाल्याशी मतलब, असं साहेब म्हणाले होते. साहेबांनी आमचं घर पाहिलं नव्हतं. समोरच्या खोलीत बसावं, तर येणारा-जाणारा खिशातून आधार कार्ड काढतो, कारण माझ्याकडे लॅपटॉप आहे. स्वयंपाकघरात मिक्सर आणि टीव्ही दोन्ही. मोबाइलची रेंज धड मिळते ती फक्त मागच्या खोलीत, म्हणून मी तिथं टेबल टाकलं. आणि दिवाळी झाली की त्याच खोलीत कापूस भरतात.

भाव चढला की विकू, असं म्हणत बाबा तो पार छतापर्यंत चढवतात. गेल्या हंगामात दर दोन-चार दिवसांनी दार उघडायचं, गाठोडं आत यायचं आणि बाबा म्हणायचे, "सरक वं उलीशी." मी सरकायचे. खोलीच्या मधोमध असलेलं माझं टेबल थंडी सरता सरता खिडकीच्या गजांना जाऊन टेकलं. ठिणगी पडली तर सगळंच जाईल म्हणून बाबांनी त्या खोलीचा फ्यूजच काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. लॅपटॉप मी मिक्सरशेजारी चार्ज करून आणायचे. कापसातल्या बारीक किड्यांची खाज ती वेगळीच. मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर मान खाजवता येत नाही हे दुःख पुण्यात बसलेल्या माणसाला सांगून काय उपयोग?

बरं, मला टीम लीड व्हायचं होतं. मनापासून व्हायचं होतं. आदल्या वर्षी ती जागा हुकली तेव्हा साहेब म्हणाले, तुझं काम चोख आहे, पण तुला नाही म्हणता येत नाही. कुणीही काहीही आणून टाकतं आणि तू घेतेस. मला ते फार झोंबलं, कारण खरं होतं. मी सकाळी रोडनं पळायला जायचे, तेवढा एकच माझा छंद. पण रोज कुणी ना कुणी मोटारसायकल थांबवून विचारायचं, "काय झालं, कुठी सोडून देऊ काय?" आणि मी निमूटपणे मागं बसायचे. शेवटी पळणंच सोडलं.

मग पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स लावला. ठामपणे कसं बोलावं, याचा. पाठ ताठ ठेवा, आवाज चढवू नका, कारणं देत बसू नका. मी कापसापुढे उभी राहून सराव केला. कापसाने एकदाही उलट उत्तर दिलं नाही, त्यामुळे मला वाटलं की जमलं.

टीम लीडच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी बाबांना तीनदा सांगितलं. "बाबा, उद्या दुपारी माहा इंटरव्ह्यू हाय. एक घंटा इकडी कापूस नका आनू." बाबा जेवता जेवता तिन्ही वेळा "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीनवर तीन माणसं आली. माझ्यामागे पांढरी भिंतच भिंत. ही बॅकग्राउंड कुठून घेतली, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, आवाज किती स्वच्छ येतोय, स्टुडिओत बसलात का? मी हसले. सगळं छान चाललं होतं. मग मधल्या बाईंनी विचारलं, तुमच्या कामाच्या मध्येच एखाद्या सिनियर माणसाने भलतंच काम आणून टाकलं, तर काय कराल?

हा तर माझा पाठ केलेला प्रश्न. मी पाठ ताठ केली आणि म्हणाले, मी शांतपणे पण स्पष्ट शब्दांत नाही म्हणेन.

तेवढ्यात दार उघडलं. डोक्यावर गाठोडं घेतलेले बाबा, त्यांच्या मागं वेचणाऱ्या दोन बाया, त्यांच्याही डोक्यावर गाठोडी. "सरक वं उलीशी," बाबा म्हणाले.

मी सरकले. वाक्य तोंडात होतं आणि मी उठून, एका हाताने खुर्ची नि दुसऱ्या हाताने लॅपटॉप घेऊन खिडकीशी सरकले. तिन्ही माणसांनी ते पाहिलं. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

आठवडाभराने मेल आला. जागा दुसऱ्याला दिली होती. मी मेल वाचत होते आणि बाबा पुन्हा दारात, गाठोड्यासकट.

"नाही," मी म्हणाले.

"काहून?"

कोर्समध्ये 'काहून'चं उत्तर नव्हतं. माझा आवाज चढला, पाठही वाकली. "मी इथी काम करून राह्यली, बाबा! रोज! तुमाले काहून दिसत नाही?" आणि मी रडायला लागले. एवढे पैसे भरून शिकलेलं सगळं वाया गेलं.

बाबांनी टेबलाकडे नीट पाहिलं.  मग गाठोडं तसंच घेऊन वळले.

दुसऱ्या दिवशी वेचणाऱ्या बायांची चाहूल आली. मी सवयीने खुर्ची उचलली. भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला, "तिकडी नोका नेऊ. माह्या खाटेपाशी टाका. पोरगी काम करून राह्यली."

हे वाक्य आठ दिवस आधी हवं होतं. आता सुट्टी होती, लॅपटॉप बंद होता, काम काहीच नव्हतं, आणि मी उचललेली खुर्ची हातात धरून तशीच उभी होते.