वनमालाच्या टाक्या

चौसाळ्यात दुधाचे कॅन सांधणारी वनमाला विमानाच्या टाक्या करते म्हटल्यावर लोकांना हसायला दुसरं कारण लागत नव्हतं. विमान मात्र खरं होतं. पुण्याची नोकरी सोडून आलेला समाधान सुंदरराव आप्पांच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधत होता. पंखांच्या पोकळीत बसतील अशा ॲल्युमिनियमच्या दोन टाक्या त्यानं तिच्याकडून करून घेतल्या. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या, वर हवेची नळी. साबणाचं पाणी लावून तिनं सांधा न् सांधा तपासला होता.

अट एकच होती. जमिनीवर एकेका टाकीवर इंजिन तासभर चाललं तरच त्या राहणार, नाहीतर मुंबईहून तयार मागवायच्या.

डाव्या टाकीवर पंधराव्या मिनिटाला इंजिन गप्प झालं.

"झालं!" सुंदरराव खुर्चीतनं उठले. "म्या सांगत हुतो, दुधाचा कॅन न् इमानाची टाकी एक नसती. समाधान, लाव फोन!"

"थांबा, आप्पा."

वनमाला शिडीवर चढली. झाकण उघडून तिनं हात घातला. टाकीचं पोट आत ओढलं गेलं होतं, पेट्रोल निम्म्याहून जास्त तसंच. मग तिची नजर नळीवर गेली. तिथनंच ती मोठ्यानं बोलली,

"नळीच्या तोंडाला कॅरीबॅग हाय. काल मीच बांधली, धूळ जाऊ नये म्हणून."

बोअरच्या उघड्या पाइपाला गावात बांधतात तशीच, वरून ट्यूबची पट्टी.

"हवा आत जाईना, तर पेट्रोल खाली कसं यील? चूक माझी. पण सांधा चुकला न्हाई."

"ताई, वर हवेत असतो तर..." समाधान म्हणाला.

"तर मेला असतास. म्हणून तर खाली बघतोय."

"आता तरी फोन लाव की बे!" सुंदरराव म्हणाले.

"लावा. पण ह्या पंखाचं माप कुणाच्या दुकानात न्हाई, ते माझ्या हातात हाय. आठ दिवस द्या. नवी करते."

नवव्या दिवशी नवी टाकी बसली. नळीचं तोंड वाऱ्याकडं वळवलेलं, त्यावर बारीक जाळी. तास उलटला. समाधान इंजिन बंद करायला निघाला, तर तिनं त्याचा हात धरला.

"चालू दे."

आणखी वीस मिनिटांनी इंजिन खोकललं आणि थांबलं.

"पडलं की बंद!" सुंदररावांनी मांडीवर थाप मारली.

वनमालानं तळाचा नळ उघडून खाली पेला धरला. जेमतेम घोटभर पेट्रोल आलं.

"पडणारच, आप्पा. समदं पिऊन थांबलंय. समाधान, आता उजवी लाव."